एक गर्भाशय भरलेलं, एक रिकामं

ऊतकांचे सेक्शन कापायचे, रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली विद्यार्थ्यांना दाखवायचे, हे माझं रोजचं काम. त्यातही गर्भाशय हा माझा खास विषय. उंदीर, गाय, मेंढी, माणूस अशी सगळ्यांची गर्भाशयं माझ्याकडे कायम असतात. पण सगळ्यात आवडती स्लाइड कोणती, असं विचारलंत तर मी टॅमार वॉलबीची काढेन. टॅमार म्हणजे कांगारूच्याच कुळातला, पण अंगाने बेताचा ऑस्ट्रेलियन प्राणी. मादी जेमतेम पाच किलोंची. या स्लाइडवर एकाच मादीच्या दोन गर्भाशयांचे काप शेजारी शेजारी बसवले आहेत. एकात गर्भ वाढत होता, दुसरं रिकामं होतं.

ही किती मोठी सोय आहे, हे प्रयोग करणाऱ्याला लगेच कळेल. गाभण आणि भाकड अशा दोन जनावरांची तुलना केली की प्रश्नांची रांग लागते. वय सारखं होतं का? खाणं? संप्रेरकांची पातळी? इथे त्यातलं काहीच विचारायला नको. दोन्ही गर्भाशयांना पोचणारं रक्त एकच, त्यातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही तेच. वेगळं आहे ते एवढंच, की एकीकडे गर्भ आहे आणि दुसरीकडे नाही. उंदरीणीच्या गर्भाशयालाही दोन शाखा असतात, पण तिच्या दोन्हीकडे पिल्लांची रांग असते. टॅमारला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे एक बाजू रिकामीच राहते.

दोन गर्भाशयं का, याचं उत्तर मूत्रवाहिन्यांच्या वाटेत आहे. सगळ्याच सस्तन माद्यांमध्ये प्रजननमार्ग सुरुवातीला दोन नळ्यांच्या रूपात तयार होतो. आपल्याकडे मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाहिन्या या नळ्यांच्या बाहेरच्या अंगाने जातात, म्हणून नळ्या मध्यभागी एकत्र यायला मोकळ्या असतात. मार्सुपियल, म्हणजे कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत मूत्रवाहिन्या नेमक्या दोन नळ्यांच्या मधून जातात. मग एकत्र येणार कशा? त्यामुळे दोन गर्भाशयं, दोन ग्रीवा आणि दोन बाजूंना वळसा घालून जाणारे दोन योनिमार्ग. शुक्राणू या बाजूच्या मार्गांनी वर चढतात. पिल्लू मात्र त्या वाटांनी येत नाही, ते मधल्या तिसऱ्या मार्गाने सरळ खाली उतरतं. बहुतेक कांगारूंमध्ये हा मधला मार्ग पहिल्या विणीनंतर उघडाच राहतो. ओपॉसम या अमेरिकेतल्या मार्सुपियलमध्ये तो दर वेळी नव्याने फुटतो आणि पुन्हा बुजतो. आकृती काढायला हा भाग छळवादी आहे. मुलं परीक्षेत हमखास मधला मार्ग विसरतात आणि मग पिल्लू बाहेर कुठून आलं, हे त्यांनाही सांगता येत नाही.

या प्राण्यांचं नाव काढलं की सगळ्यांना आठवते ती पिशवी. जे काय व्हायचं ते पिशवीत, पोटात नावापुरतं, अशी समजूत आजही पक्की आहे. ती जुनीही आहे. १६२९ मध्ये 'बटाव्हिया' हे डच जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या अब्रोल्होस बेटांवर फुटलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तिथे टॅमार पाहिले आणि पिल्लं आचळातूनच उगवत असावीत, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. त्याला हसू नये. त्याने पिशवीत डोकावून नीट पाहिलं होतं. नुकतंच जन्मलेलं पिल्लू आचळाला असं काही चिकटलेलं असतं की ओढूनही सुटत नाही. अमेरिकेत तर ओपॉसमच्या नराचं शिश्न दुभंगलेलं असतं म्हणून तो मादीच्या दोन नाकपुड्यांत समागम करतो आणि मग मादी शिंकून पिल्लं पिशवीत टाकते, अशी गोष्ट लोक खुशाल सांगत. कार्ल हार्टमन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२० मध्ये ओपॉसमची वीण प्रत्यक्ष पाहून लिहिली. पिल्लं खालून बाहेर येतात आणि कुणाच्या मदतीशिवाय पुढच्या पायांनी केसांतून वर चढत पिशवी गाठतात, हे त्यात आलं, तेव्हा शिंकेचा विषय मिटला.

शिंक गेली, पण समजूत राहिली. आता ती शास्त्राच्या भाषेत आली. मार्सुपियल मादीचं गरोदरपण म्हणजे नेहमीच्या माजाच्या चक्राचाच एक भाग. आत गर्भ असला काय नि नसला काय, गर्भाशयाला पत्ता नसतो. हे म्हणणाऱ्यांकडे पुरावा भक्कम होता, म्हणून तो आधी मांडते.

गाईचं पाहा. तिचं माजाचं चक्र २१ दिवसांचं आणि गाभणपण नऊ महिन्यांहून जास्त. म्हणजे गाभण राहिल्यावर चक्र थांबवावंच लागतं. अंडं सुटल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. गर्भ नसेल तर गाईचं गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन हे रसायन पाठवून त्या पीतपिंडाचा निकाल लावतं. गर्भाला जगायचं असेल तर त्याने वेळेत निरोप धाडून हे थांबवावं लागतं. गाई-मेंढ्यांमध्ये तो निरोप इंटरफेरॉन टाउ या प्रथिनाचा असतो. माणसात एचसीजी या संप्रेरकाचा, जो आपण गरोदरपणाच्या चाचणीत पट्टीवर पाहतो.

आता मार्सुपियल. व्हर्जिनिया ओपॉसमचं गरोदरपण सुमारे १३ दिवसांचं, चक्र सुमारे २८ दिवसांचं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रशटेल पॉसमचं साडेसतरा दिवस आणि चक्र २५-२६ दिवस. लाल कांगारूचं ३३ आणि ३५. गरोदरपण एका चक्रात आरामात बसतं. पीतपिंडाला वाचवायची गरजच नाही, कारण त्याला कुणी मारायला येत नाही. ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञ जी. बी. शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६५ मध्ये ब्रशटेल पॉसमचं गर्भाशय काढून टाकून पाहिलं. अंडाशयाचं चक्र जसं चालायचं तसंच चालू राहिलं. मेंढीत हाच प्रयोग केला तर पीतपिंड कितीतरी जास्त काळ टिकून राहतो. त्याआधी हार्टमननेही ओपॉसमची गाभण आणि न गाभण गर्भाशयं तपासून दोन्हींतले बदल सारखेच चालतात, असं नोंदवलं होतं. यावरून गर्भ आईला काही सांगतच नाही, असा निष्कर्ष काढणं सोपं होतं. तो काढला गेला. आणि मग त्याच्या शेपटाला 'आदिम' हा शब्द चिकटला, जो मला सगळ्यात जास्त खटकतो.

आता स्लाइडकडे येते.

टॅमार माजावर असताना गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली असतं. पृष्ठभागावरच्या पेशी उंच आणि दाटीवाटीने उभ्या, केंद्रकं वरखाली सरकलेली, अधूनमधून विभाजन चाललेल्या पेशी दिसतात. ग्रंथी अजून बऱ्यापैकी सरळ असतात. अंडं सुटून पीतपिंड कामाला लागला की चित्र बदलतं. ग्रंथी लांब होतात, आणि जागा तेवढीच असल्याने वेटोळी घालतात. कापामध्ये एकच ग्रंथी पाच ठिकाणी कापलेली सापडते. नवख्या डोळ्याला वाटतं ग्रंथींची संख्या वाढली. ग्रंथींच्या पोकळीत इओसिन या रंगाने फिकट गुलाबी झालेला स्राव साचतो. मधलं ऊतक पाण्याने फुगतं आणि पृष्ठभागाच्या लगेच खाली केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पुढे पीतपिंड थकला की हे सगळं ओसरतं. पेशी बुटक्या होतात, ग्रंथी ढिल्या पडतात, पांढऱ्या पेशी साफसफाईला येतात. मासिक पाळीसारखा रक्तस्राव नाही, आतल्या आत आवराआवर.

इथवर गर्भ असो-नसो, दोन्ही बाजूंना हेच घडतं. जुन्या लोकांचं म्हणणं इथवर खरंच आहे. पण माझी स्लाइड गरोदरपणाच्या उत्तरार्धातली आहे. एका मुलाला मी ती दाखवली. तो बराच वेळ काच इकडून तिकडे सरकवत राहिला.

"मॅडम, या दोन वेगळ्या प्राण्यांच्या ना?"

"नाही, एकाच मादीच्या."

"मग हे दुसरं आजारी होतं का?"

दुसरं म्हणजे रिकामं. आजारी नव्हतं, त्याचा काळ संपत आला होता. त्याचं अस्तर खाली बसायला लागलेलं, ग्रंथी ओसरतीला लागलेल्या. शेजारचं गर्भ असलेलं मात्र जाड, ओलसर, ग्रंथी स्रावाने भरलेल्या, रक्तवाहिन्या तट्ट. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दोघांनाही सारखंच मिळत होतं. मग भरलेल्या बाजूला जास्तीचं कोण काय देत होतं? गर्भ आणि त्याची आवरणं, दुसरं कोणी तिथे नव्हतंच.

हेच मॅरिलिन रेनफ्री यांनी १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. टॅमारच्या दोन गर्भाशयांची तुलना करून त्यांनी दाखवलं की गर्भ असलेल्या बाजूचं अस्तर वजनाने जास्त भरतं आणि स्रावही जास्त करतं. म्हणजे गर्भ निरोप देत होता. तो अंडाशयाला द्यायचा नसल्याने रक्तातून अंगभर जात नव्हता, तर भिंतीपलीकडच्या पेशीला थेट मिळत होता. इतके दिवस लोक तो निरोप पीतपिंडापाशी शोधत होते, आणि तिथे तो सापडत नाही म्हणून तो नाहीच असं धरून चालले होते. मला हा प्रकार फार शिकवणारा वाटतो. गाईचं उत्तर कांगारूच्या कागदावर शोधलं, नाही मिळालं, आणि दिले शून्य गुण.

या जवळिकीतही एक गंमत आहे. सुरुवातीचे बरेच दिवस गर्भ आणि गर्भाशय एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मार्सुपियलच्या अंड्यावर एकावर एक तीन वेष्टनं असतात. सगळ्यात आतलं झोना हे पातळ आवरण, त्यावर अंडवाहिनीत चढलेला श्लेष्माचा थर, आणि त्यावर बाहेरून एक पातळ कवच. होय, कवच. अंडी घालणाऱ्या पूर्वजांची ती खूण. गरोदरपणाचा सुमारे दोन तृतीयांश काळ गर्भ या कवचात असतो आणि ग्रंथींचा स्राव कवचातून झिरपून आत येतो, त्यावर वाढतो. टॅमारमध्ये अठराव्या दिवसाच्या सुमारास कवच फाटतं. मग कुठे गर्भाची आवरणं गर्भाशयाच्या पृष्ठभागाला टेकतात आणि वार काम करू लागते. हो, वार असते. 'वार नसलेले सस्तन' असं अजूनही कुठे कुठे छापलेलं दिसतं, ते चूक आहे. आपली वार मुख्यतः ॲलँटॉइस या गर्भाच्या आवरणाच्या रक्तवाहिन्यांवर उभी असते, यांची बहुधा पीतक कोशापासून, म्हणजे बलकाच्या पिशवीपासून बनते, एवढाच फरक.

टेकण्याआधी गर्भाशयाच्या पेशींनाही तयारी करावी लागते. साध्या मायक्रोस्कोपखाली हे दिसत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. एरवी या पेशींच्या माथ्यावर बारीक अंकुरांची दाट लव असते. अशा लवेला काही चिकटणं कठीण. गर्भ चिकटायची वेळ जवळ आली की ती आखूड, विरळ, वेडीवाकडी होते आणि पेशीचा माथा सपाट पडत जातो. हे उंदरात, माणसात ठाऊक होतं. पिल्लं पोटात वाढवणाऱ्या सरड्यांमध्येही दिसलं. फॅट-टेल्ड डनार्ट या उंदराएवढ्या मार्सुपियलमध्येही तसंच काहीसं घडतं. डनार्टचं गरोदरपण जेमतेम दोन आठवड्यांचं, आणि तेवढ्यातही पेशी ही तयारी सोडत नाहीत.

टेकल्यावर काय होतं, हे २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या गुंटर वॅग्नर यांच्या गटाने करड्या आखूडशेपटी ओपॉसममध्ये पाहिलं. कवच जाऊन गर्भ गर्भाशयाला भिडला की तिथे दाह सुरू होतो. जखम झाल्यावर जी जनुकं जागी होतात, तीच इथे. आणि दोनेक दिवसांत पिल्लं बाहेर. विशेष म्हणजे माणसात गर्भ रुजतानाही सुरुवातीला दाहाच्या खुणा दिसतात. आपल्याकडे गर्भाशयाच्या अस्तरातल्या डेसिड्युअल पेशी तो आटोक्यात आणतात आणि गर्भ पुढे महिनोन्महिने राहतो. मार्सुपियलकडे या पेशी नाहीत. तेव्हा गर्भ रुजणं ही आपण नव्याने शोधलेली युक्ती नसून, त्या जुन्या दाहालाच आपण आवर घातला, असं या गटाचं म्हणणं आहे. मला ते पटतं. आपल्या बाजूने पाहिलं की त्यांचं गरोदरपण अर्धवट वाटतं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर आपण बिनबोलावता मुक्काम वाढवणारे.

विणीच्या वेळी पुन्हा तोच एकतर्फी कारभार. टॅमारचा गर्भ शेवटी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी वजनाचा, करंगळीच्या पेराएवढा असतो. पण त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवायला लागलेल्या असतात, आणि कधी जन्मायचं यात त्याचा शब्द चालतो. आईकडून प्रोस्टाग्लँडिन आणि मेसोटोसिन येतं. मेसोटोसिन म्हणजे आपल्या ऑक्सिटोसिनचं तिकडचं भावंड. ते रक्तातून दोन्ही गर्भाशयांपर्यंत जातं, पण त्याला पकडणारे ग्राहक शेवटच्या दिवसांत वाढतात ते गर्भ असलेल्या बाजूच्या स्नायूत. म्हणून कळा त्या बाजूला. रिकाम्याने उगाच धडपड करायचं कारण नाही.

मादी त्या वेळी पाठ टेकून बसते आणि शेपूट पायांमधून पुढे घेते. ही बैठकही प्रोस्टाग्लँडिनच घडवतं. हे कसं कळलं, तर न गाभण माद्यांना ते टोचलं आणि काही मिनिटांत त्याही तशाच बसल्या. मग नरांना टोचलं. नरही शेपूट पुढे घेऊन विणीला बसले! वर्गात हे सांगितलं की पुढची पाच मिनिटं शिकवणं होत नाही.

पिल्लू आचळाला लागतं न लागतं तोच मादी पुन्हा माजावर येते आणि काही तासांत तिचा समागम होतो. या वेळी अंडं पिकलेलं असतं ते दुसऱ्या अंडाशयात. ज्या अंडाशयात आधीचा पीतपिंड होता, तिथल्या पुटिका, म्हणजे अंडी पिकवणाऱ्या पिशव्या, दबून राहतात. म्हणजे नवा गर्भ जातो कालपर्यंत रिकाम्या असलेल्या गर्भाशयात, आणि नुकतं रिकामं झालेलं विश्रांतीला लागतं. बाजू आलटून पालटून.

नवा गर्भ मात्र लगेच वाढत नाही. साधारण ऐंशी ते शंभर पेशींचा, पाव मिलिमीटर व्यासाचा पोकळ गोळा झाला की तो थांबतो. वेष्टनांत गुंडाळलेला, पेशींचं विभाजन बंद. शर्मन यांनी १९५०च्या दशकात रॉटनेस्ट बेटावरच्या क्वोक्का या छोट्या वॉलबीत हे दाखवलं. पिशवीतलं पिल्लू आचळ चोखत असतं, त्याची संवेदना मेंदूत जाते, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सुटतं आणि ते पीतपिंडाला दाबून ठेवतं. पीतपिंड झोपला की प्रोजेस्टेरॉन नाही, प्रोजेस्टेरॉन नाही म्हणून अस्तराचा स्राव नाही, स्राव नाही म्हणून गर्भ थांबलेला. अशा गर्भाशयाची स्लाइड माझ्याकडच्या स्लाइड्समध्ये सगळ्यात कंटाळवाणी. अरुंद ग्रंथी, रिकाम्या पोकळ्या, बुटक्या पेशी. कुठे काही चाललेलं नाही. मुलं दोन सेकंद बघून पुढे जातात.

पिल्लू काढून घेतलं की घड्याळ सुरू होतं. चार-पाच दिवसांत पीतपिंड जागा होऊन प्रोजेस्टेरॉनची एक लाट येते, ग्रंथी स्रवायला लागतात, गर्भाच्या पेशी पुन्हा विभागू लागतात. आठव्या दिवसाच्या सुमारास गोळा मोजता येईल इतका फुगलेला असतो. सव्वीस-सत्ताविसाव्या दिवशी पिल्लू बाहेर. पहिल्या अर्ध्यात गर्भाशय बोलतं आणि गर्भ ऐकतो. दुसऱ्या अर्ध्यात उलट. माझ्या आवडत्या स्लाइडवर दिसतो तो हा दुसरा अर्धा. पहिला अर्धा पाहायचा तर त्या कंटाळवाण्या स्लाइडशेजारी पाचव्या-सहाव्या दिवसाची ठेवावी लागते.

टॅमारमध्ये याच्यावर आणखी एक कुलूप असतं, ऋतूचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू आयलंड या बेटावरच्या माद्यांमध्ये मे-जूनपर्यंत पिल्लाच्या चोखण्याने गर्भ थांबलेला असतो. त्यानंतर पिल्लू काढून घेतलं तरी तो हलत नाही. दक्षिण गोलार्धातला सगळ्यात मोठा दिवस, २२ डिसेंबरच्या आसपासचा, उलटून रात्री वाढायला लागल्या की मेलाटोनिन या रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाच्या बदलातून मेंदूला ते कळतं आणि कुलूप निघतं. मग बहुतेक पिल्लं जानेवारीच्या अखेरीस जन्मतात. म्हणजे एका जानेवारीत धरलेला गर्भ पुढच्या जानेवारीत पिल्लू होतो. त्यातले जवळजवळ अकरा महिने तो पाव मिलिमीटरचा गोळाच असतो. कृत्रिम प्रकाशात दिवस लहान केला, किंवा रोज संध्याकाळी मेलाटोनिन टोचलं, तरी गर्भ फसतो आणि आधीच जागा होतो.

लाल कांगारूला ऋतूचं हे बंधन नाही. तिच्याकडे एकाच वेळी गर्भाशयात थांबलेला गर्भ, पिशवीत आचळाला चिकटलेलं पिल्लू आणि बाहेरून तोंड घालून पिणारं मोठं पिल्लू असतं, आणि शेजारशेजारच्या दोन आचळांतून दोन वेगळ्या प्रतीचं दूध येत असतं. पश्चिमेकडच्या करड्या कांगारूत गर्भ थांबतच नाही. एकाच कुळात इतके नमुने असताना 'मार्सुपियलचं प्रजनन' असं एका दमात कसं म्हणायचं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दलदली वॉलबीने तर चक्राचा हिशोबच मोडला. तिचं गरोदरपण चक्रापेक्षा किंचित लांब, म्हणजे वर दिलेल्या आकड्यांच्या बरोबर उलट. पिल्लू जन्मायच्या एक-दोन दिवस आधीच ती पुन्हा माजावर येते. मेंझीस, हिल्डेब्रांट आणि रेनफ्री यांच्या २०२० च्या अभ्यासात अल्ट्रासाउंडने हे स्पष्ट झालं. एका गर्भाशयात पूर्ण वाढलेला गर्भ अजून आहे आणि तेवढ्यात दुसरीकडे नवा गर्भ धरला गेलाय. वयात आल्यापासून ती मादी जवळजवळ अखंड गरोदर. एक बाजू रिकामी असण्याची माझी लाडकी सोय तिच्याकडे शेवटच्या दिवसांत मिळायची नाही.

आणि बँडिकूट. आपली घूस नव्हे, ऑस्ट्रेलियातला छोटा मार्सुपियल. गरोदरपण साडेबारा दिवसांचं, सस्तन प्राण्यांतल्या सगळ्यात छोट्यांपैकी एक. इतक्या घाईत पीतक कोशाची साधी वार पुरली असती. पण त्याला ती असतेच, वर ॲलँटॉइसपासून बनलेली आपल्यासारखी दुसरी वारही असते. तिथे गर्भाच्या आणि आईच्या पेशी नुसत्या टेकत नाहीत, एकमेकींत विरघळून एक होतात. पिल्लू जन्मून पिशवीकडे सरपटतं तेव्हा त्याची नाळ मागे अजून आत जोडलेलीच असते. आता याला 'आदिम' आणि 'प्रगत' यांच्यामधल्या कुठल्या पायरीवर बसवायचं, ते पायऱ्या आखणाऱ्यांनी ठरवावं.